शोधायला आलेल्याकडे तारीख मागू नका

प्रति,
राज्यातील सर्व तहसीलदार, अभिलेख कक्षाचे प्रमुख, ग्रामपंचायत अधिकारी आणि नगरपालिका-महानगरपालिकांचे जन्म-मृत्यू निबंधक यांस

विषय: घराण्याच्या इतिहासासाठी जुन्या मृत्यूनोंदींचा शोध व नकला

महोदय / महोदया,

आम्ही कुलवृत्तांताचे काम करणारे आणि मोडी वाचणारे लोक. आपल्या खिडकीवर येणाऱ्या इतर अर्जदारांपेक्षा आमची गरज थोडी वेगळी असते, आणि ती कशी वेगळी आहे हे न कळल्यामुळे दोन्ही बाजूंचे दिवस वाया जातात. म्हणून हे जाहीर पत्र.

खिडकीवरचा संवाद साधारण ठरलेला असतो. पणजोबांची मृत्यूनोंद हवी, असे सांगितले की पहिला प्रश्न येतो, "तारीख काय?" तारीख माहीत नाही, तीच शोधायची आहे, असे म्हटले की, "तारखेशिवाय मिळणार नाही." त्यातूनही अर्जदार टिकून राहिला तर तिसरे वाक्य, "एक वर्षावरची नोंद आहे, मॅजिस्ट्रेटचा आदेश आणा." इथे बहुतेक जण परत फिरतात. वास्तविक यातले तिसरे वाक्य पूर्ण चुकीचे आहे. ते कुठून येते ते आधी पाहू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 मधले कलम 13 आणि कलम 17 एकमेकांत मिसळले जातात. कलम 13 उशिरा करायच्या नोंदीचे आहे. मृत्यूची खबर 21 दिवसांत द्यायची. त्यानंतर, मृत्यूपासून 30 दिवसांपर्यंत, विलंब शुल्क. 30 दिवस ते एक वर्ष लेखी परवानगी. आणि एक वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. पूर्वी हा आदेश प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत. 1 ऑक्टोबर 2023 पासून दुरुस्ती लागू झाली आणि हा अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. हे सगळे, जी नोंद कधी झालीच नाही ती आज नव्याने करायची असेल तेव्हाचे.

आम्ही नवी नोंद मागत नाही. वहीत पडलेली नोंद शोधायला सांगतो. ते कलम 17. त्यात कोणत्याही व्यक्तीला निबंधकाकडून नोंदवहीत शोध घेववता येतो आणि मृत्यूचा दाखला (2023 च्या दुरुस्तीआधी "उतारा") मिळवता येतो, असे म्हटले आहे. कोणत्याही व्यक्तीला. वारस असण्याची अट त्यात नाही. शुल्काचा आणि टपाल खर्चाचा उल्लेख मात्र आहे, म्हणजे टपालाने अर्ज येईल हे 1969 मध्येच गृहीत धरलेले होते. एकच बंधन आहे: मृत्यूचे कारण दाखल्यात द्यायचे नाही. ते आम्हाला मान्य आहे.

2025 मध्ये उशिराच्या जन्म-मृत्यू नोंदींची प्रकरणे गाजली, शासनाने त्यांची कार्यपद्धती कडक केली, दिलेले दाखले तपासले गेले. तेव्हापासून जुने काही मागणारा प्रत्येक जण संशयित वाटणे समजण्यासारखे आहे. पण ती कडक पद्धत कलम 13 च्या अर्जांसाठी आहे. 1962 च्या वहीतल्या ओळीची प्रत दिल्याने कुणाची नवी नोंद होत नाही. अर्ज हातात आला की आधी एवढेच पाहा: अर्जदार नोंद करा म्हणतो आहे की शोधा म्हणतो आहे?

आता शोधाचे. कायद्याने शोध हे दाखल्यापासून वेगळे काम धरले आहे आणि शोध शुल्क वर्षागणिक लावायची पद्धत आहे. तारीख माहीत असलेल्यालाच नोंद द्यायची असती तर वर्षागणिक शुल्काची तरतूद कशाला केली असती? "1955 ते 1964" असा अर्ज आला तर दहा वर्षांचे शुल्क घ्या आणि दहा वर्षे पाहा.

दहा वर्षे म्हणजे दहा पुस्तके पालथी घालणे, असे लिपिकाला वाटते आणि तो दचकतो. इथे आपल्या घरांतली एक गोष्ट कामाला येते. इंग्रजी तारीख कुणाला आठवत नाही, तिथी आठवते. वर्षश्राद्ध "कार्तिक वद्य पंचमीला" असते हे घरातल्या म्हाताऱ्या बाईला ठाऊक असते. कार्तिक वद्य पंचमी दरवर्षी नोव्हेंबरच्या आसपासच येते. अधिक महिन्यामुळे सरकली तरी महिनाभराच्या आत. म्हणजे दहा वर्षांचा शोध हा दहा पुस्तकांचा नसून दर पुस्तकातल्या दीड महिन्याच्या पानांचा आहे. खेड्याच्या वहीत ती दोन-तीन पाने भरतात. जुन्या पंचांगावरून त्या दहा वर्षांच्या दहा तारखा काढून अर्जाला जोडणे हे अर्जदाराचे काम, आणि ते आम्ही करतो.

फक्त एक पथ्य पाळायचे. अर्जदार पितृपक्षातली तिथी घेऊन आला तर तिच्यावरून महिना कळत नाही. मृत्यू आषाढातल्या पंचमीचा असो की माघातल्या, महालय भाद्रपद वद्य पंचमीलाच होतो. वर्षश्राद्ध कोणत्या महिन्यात होते, ते विचारा. आणि ज्यांचे श्राद्ध सर्वपित्रीला घालतात त्यांची तिथी बहुधा घरालाच माहीत नसते. तिथे हा मार्ग बंद. अविधवा नवमीला जिचे करतात ती नवऱ्याच्या आधी गेली, एवढे मात्र नक्की कळते, आणि नवऱ्याची नोंद हाती असेल तर शोधाला अलीकडची हद्द मिळते.

1969 च्या कायद्याआधीच्या वह्या हे वेगळे प्रकरण. विदर्भात त्यांना कोतवाल बुक म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात गाव नमुना 14. या "14" ने किती फेऱ्या घडवल्या असतील! आजच्या गाव नमुन्यांमध्ये 14 नंबर पाणीपुरवठ्याच्या साधनांच्या नोंदवहीला आहे. तलाठ्याकडे "नमुना 14" मागितला की तो प्रामाणिकपणे विहिरींची यादी काढतो. म्हणून अर्जात "गाव नमुना 14 (जुना), जन्म-मृत्यू रजिस्टर / कोतवाल बुक" असे पूर्ण लिहावे, आणि अभिलेख कक्षाने आपल्या यादीतही तसेच लिहावे. या वह्या आता बहुतेक तहसीलच्या अभिलेख कक्षात आहेत, ग्रामपंचायतीत नाहीत. ग्रामपंचायतीने अर्ज नुसता परत न करता "तहसील अभिलेख कक्षात चौकशी करावी" एवढी ओळ लिहिली तरी एक फेरी वाचते.

अशा वहीचे एक पान डोळ्यांसमोर आणा. आडवे रकाने, बोरूची किंवा टाकाची मोडी, काळी शाई तपकिरी झालेली. अनुक्रमांक, तारीख, मयताचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, जात, वय, कारण, शेरा. नावे अशी: "राघू बिन तुका", "साळू कोम राघू". बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको. मराठवाडा-विदर्भात तेच "वल्द" आणि "जौजे", विधवा असेल तर "बेवा". आडनाव बहुतेक ठिकाणी नाहीच. जो लिपिक आडनावाने शोधतो त्याला ही नोंद सापडणे शक्य नाही, आणि तो खरे मानून "नोंद आढळून येत नाही" लिहून देतो. शोध बापाच्या नावाने घ्यावा लागतो. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, इकार दीर्घच, उकार ऱ्हस्वच, अनुस्वार बहुधा गाळलेला. त्यामुळे "गंगू" हे "गगु" दिसते आणि घाईत "गणु" वाचले जाते. बाई पुरुष होते.

वयाच्या रकान्यावर विसंबू नये. 40, 50, 60 असे गोल आकडे भरपूर, 43 किंवा 57 क्वचित. खबर देणाऱ्याने अंदाजाने सांगितलेले वय आहे ते. "वय जुळत नाही" म्हणून सापडलेली नोंद नाकारू नका. तारखेचेही तसेच. कोतवालाने खबर आणायची आणि दुसऱ्याने ती लिहायची, अशा व्यवस्थेत चार मृत्यू एकाच दिवशी लिहिलेले दिसतात. ती कित्येकदा लिहिण्याची तारीख असते. तिथीवरून काढलेल्या तारखेच्या पुढे पंधरा दिवस पाहावे, मागे चार. साथीच्या काळात याहून जास्त. 1918 च्या इन्फ्लुएंझात कित्येक गावांत खबर देणारा आणि लिहिणारा दोघेही अंथरुणाला खिळले होते. त्या शरद ऋतूतल्या कित्येक नोंदी उशिरा पडल्या किंवा पडल्याच नाहीत. कारणाच्या रकान्यातले "ताप" पाहून आजाराचा निष्कर्ष आम्ही काढत नाही. पटकी, देवी आणि प्लेग सोडले तर जवळजवळ सगळेच "ताप" असते.

मराठवाड्यातल्या निजामकालीन वह्यांत फसली सन, म्हणजे महसुली वर्षगणना, येतो. तिथले वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होते. फसली सनात 590 मिळवले की वर्षाच्या सुरुवातीचे इसवी सन मिळते, जानेवारीपासून 591. फसली 1357 म्हणजे ऑक्टोबर 1947 ते ऑक्टोबर 1948. अर्जदार 1948 म्हणतो आणि लिपिक 1358 चे पुस्तक काढतो, मग सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईच्या दिवसांतला मृत्यू सापडत नाही, कारण तो 1357 च्या शेवटच्या पानांत असतो. शके असेल तर 78 मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुनअखेर 79. या दोन ओळींचा कागद अभिलेख कक्षाच्या भिंतीवर चिकटवून ठेवा, एवढीच विनंती.

नोंद कोणत्या गावच्या वहीत असेल, हा प्रश्न तारखेपेक्षाही नडतो. मृत्यू जिथे झाला तिथे नोंद होते, राहत्या गावी नव्हे. गिरणीत काम करणारा माणूस परळच्या रुग्णालयात गेला तर त्याची नोंद पालिकेच्या एफ-दक्षिण विभागात, सातारा-रत्नागिरीत नाही. भायखळा ई विभागात, वरळी जी-दक्षिणमध्ये. घरचे लोक "मुंबईला गेले" एवढेच सांगतात. पालिकेच्या विभाग कार्यालयांनी अशा वेळी "आमच्या विभागात नाही" म्हणून थांबू नये; दुसऱ्या विभागाचे नाव सुचवावे. तरण्या सुनेची नोंद सासरी सापडत नसेल तर माहेरच्या गावात पाहावी. पहिले बाळंतपण माहेरी होत असे, आणि त्यात गेलेल्या मुली तिथल्याच वहीत आहेत, कधी बापाच्या नावाने, कधी नवऱ्याच्या.

त्यात तालुके आणि जिल्हे बदलले. सिंधुदुर्ग 1981 पर्यंत रत्नागिरीत होता, जालना औरंगाबादेत. गडचिरोली 1982 पर्यंत चंद्रपुरात. वाशीम 1998 पर्यंत अकोल्यात. पालघर 2014 पर्यंत ठाण्यात. जिल्हा वेगळा झाला तेव्हा सगळी दप्तरे नव्या ठिकाणी गेलीच असे नाही. काही रुमाल (कापडात बांधलेली दप्तरे) जुन्याच तहसिलीत आहेत, आणि नवी तहसील "आमच्याकडे नाही" म्हणते ते खरेच असते. कोयना, उजनी, जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या अर्जदारांना तर गावाचे नाव घेतल्यावर यादीतच सापडत नाही म्हणून परत पाठवतात. प्रत्येक तहसिलीने एकच पान तयार करावे: कोणत्या गावाच्या, कोणत्या वर्षांपासून कोणत्या वर्षांपर्यंतच्या वह्या आहेत, मधली कोणती नाहीत, आणि नसलेल्या कुठे असण्याचा संभव आहे. याला संगणक लागत नाही. एका माणसाचे आठवड्याचे काम आहे.

मधली कोणती नाहीत, हे आम्ही मुद्दाम लिहिले. नकारात्मक उत्तर देताना "नोंद आढळून येत नाही" हे एकच वाक्य दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरले जाते. एक, वही आहे, पाहिली, नाव नाही. दोन, वहीच नाही. पहिल्या उत्तराने अर्जदार दुसऱ्या गावाकडे वळतो. दुसऱ्याने तो त्याच माणसासाठी जमिनीची कागदपत्रे काढायला जातो. कोणते उत्तर मिळाले हे न कळल्याने तो दोन्ही करतो, किंवा काहीच करत नाही. अनुपलब्धता प्रमाणपत्राचा नमुना 10 आहेच. त्यासोबत गावाचे नाव, पाहिलेली वर्षे, आणि न मिळालेल्या किंवा हात लावता न येणाऱ्या जीर्ण वह्यांची वर्षे एवढे लिहून द्या. तो कागद आम्हाला नोंदीइतकाच उपयोगी असतो.

जमिनीच्या कागदांचा उल्लेख आला म्हणून महसूल खात्याला आणखी एक. मृत्यूची वही हरवली तरी मृत्यू महसुलात उमटलेला असतो. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर मयत खातेदाराच्या नावाला कंस केलेला आणि शेजारी वर्तुळात आकडा. तो फेरफाराचा क्रमांक. त्या क्रमांकाचा गाव नमुना 6 काढला की "अमुक दिनांकी मयत, वारस खालीलप्रमाणे" अशी नोंद मिळते. गाव नमुना 6-क, म्हणजे वारस नोंदवही, असेल तर उत्तमच. वारसांपैकी कुणापुढे "अ.पा.क. आई" (अज्ञान पालनकर्ती आई) लिहिलेले असेल तर तो मुलगा तेव्हा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, होता, म्हणजे त्याच्या जन्मसालाचाही अंदाज आला. फक्त हे ध्यानात ठेवायचे की फेरफार मृत्यूनंतर दहा-वीस वर्षांनीही पडतो, भावांत वाटणीचा वाद झाला किंवा कर्ज काढायचे झाले तेव्हा. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार "आपले अभिलेख" या शासकीय संकेतस्थळावर स्कॅन होऊन आले आहेत, तिथे हे काम घरी बसून होते. बाकीच्या जिल्ह्यांची वाट पाहतो आहोत.

स्कॅनिंगवरून आठवले. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना राज्यभर कोतवाल बुके, जुने गाव नमुना 14, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे रुमालांतून बाहेर निघाले. मोडी वाचक नेमले गेले. कित्येक वह्या पन्नास-साठ वर्षांत पहिल्यांदाच उघडल्या असतील. त्यातली हवी ती पाने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. पण शोध एका शब्दाचा होता, त्यामुळे त्याच वहीतली, तो शब्द नसलेली पाने पुन्हा रुमालात गेली. ज्या वह्या तेव्हा पूर्ण स्कॅन झाल्या आहेत त्यांची सगळी पाने पाहू द्या. ज्यांची फक्त निवडक पाने घेतली, त्या पुन्हा बांधण्याआधी उरलेल्या पानांचे फोटो घेऊन ठेवा. झेरॉक्स मशीनवर वही उपडी दाबू नका, शिवण तुटते. टेबलावर अर्धवट उघडी ठेवून वरून फोटो घेतला तर अक्षर जास्त स्वच्छ येते आणि वहीही वाचते. आणि फाटक्या पानाला सेलोटेप नको. काही वर्षांत टेप गळते, डाग राहतो आणि त्याखालची शाई वाचता येत नाही.

जिथे नक्कल अर्जाला उत्तरच येत नाही तिथे लोक माहितीच्या अधिकारात जातात. 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, 150 शब्द, पानाला 2 रुपये. प्रत मागण्याऐवजी अभिलेखाची पाहणी मागितली तर जास्त फायदा होतो, कारण मोडी वाचणारा सोबत नेता येतो. आम्ही हा मार्ग सगळ्यांना सांगतो खरे, पण मनापासून नाही. शोधाच्या साध्या अर्जाला उत्तर मिळत असेल तर जनमाहिती अधिकाऱ्याच्या टेबलावरची एक फाइल कमी होईल.

बाहेरगावच्या अर्जदारांसाठी टपाल आणि ईमेल खुला ठेवा. अलिबाग-पेणच्या गावांतून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली कुटुंबांची नातवंडे आज आजोबा-पणजोबांच्या नोंदी मागतात. बेळगावचे लोक कोल्हापुरात विचारतात आणि कोल्हापूरचे बेळगावात. त्यांना "समक्ष या" हे उत्तर म्हणजे नकारच. सोबत ओळखपत्राची प्रत घ्या, शुल्क ऑनलाइन घ्या, कारणाचा रकाना झाकून पानाचा फोटो पाठवा. साक्षांकित प्रत ज्याला कोर्टासाठी हवी त्याने यावे. आम्हाला ती क्वचितच लागते.

आमच्याकडून काय मिळेल तेही सांगतो. ज्या तहसिलीत मोडी वाचणारा नाही, तिथे आम्ही बसू. एका गावाची एक वही, सुमारे शंभर पानांची, नीट वाचून नावांची सूची करायला दोन जणांना दहा ते बारा दिवस लागतात. सूचीत वर्ष, पान, मयताचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव एवढेच घेऊ. जात आणि कारण घेणार नाही. सूचीची एक प्रत आपल्याकडे राहील, म्हणजे पुढच्या अर्जदारासाठी वही उघडावीही लागणार नाही. मानधन नको. खिडकीजवळचे टेबल, दिवसाउजेडी कार्यालयीन वेळ, एक जबाबदार कर्मचारी समोर, आणि वही आमच्या हातात देण्याऐवजी त्याने पाने उलटली तरी चालेल.

कळावे,
आपले,
कुलवृत्तांताचे काम करणारे व मोडी वाचक

ता. क. शोधाच्या अर्जाचा नमुना आम्ही एका पानात बसवला आहे: मयताचे नाव, बापाचे व नवऱ्याचे नाव, संभाव्य गावे (सासर, माहेर, नोकरीचे ठिकाण), पाहायची वर्षे, वर्षश्राद्धाची तिथी, आणि तळाशी कार्यालयाने भरायच्या तीन ओळी: वह्या पाहिल्या ती वर्षे, न मिळालेली वर्षे, सापडलेल्या नोंदीचे पान. हवा त्या कार्यालयाने तो उचलावा, वर आपले नाव टाकावे.